दोघांना पेलणारी नाव

मनुष्याचें वय वाढत गेलें म्हणजे त्याच्या आवडी कमी होतात, असा एक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. कित्येक आवडी तरुणपणीं जितक्या उत्कट असतात तितक्याच साठीच्या उंबरठ्यावरहि राहतात; कमी होतें तें त्या पुरविण्याचें सामर्थ्य. अशा वेळीं माणसापुढें दोनच मार्ग उरतात. आवड सोडून द्यावी, किंवा साधन बदलावें. गेल्या तीन वर्षांत आम्हांस या बाबतींत एक निर्णय घ्यावा लागला. जगाच्या दृष्टीनें तो अगदीं लहान. पण आमच्या घरापुरता बराच मोठा. विषय नौकाशर्यतीचा असला तरी त्यांतला प्रश्न पुष्कळ घरांत कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा राहतो, म्हणून ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमचें बालपण पुण्यांत गेलें. सुटीच्या दिवशीं थोरले बंधु आम्हांस सायकलच्या दांडीवर बसवून खडकवासल्यास नेत. तेथील जलाशयांत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांच्या होड्या शिडें उभारून फिरत. काठावर बसून त्या पाहणें, एवढाच त्या वेळचा आमचा या कलेशीं संबंध. पुढें नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत येऊन राहिलों. घराजवळ एक विस्तीर्ण जलाशय होता, त्यावर नौकाशर्यतींचा एक क्लब होता. आणि लहानपणीं काठावरून पाहिलेली वस्तु एके दिवशीं प्रत्यक्ष हातीं आली. तेव्हांपासून सत्तावीस वर्षें, हवा अगदींच बिघडली नसेल तर, दर रविवारीं आम्ही शर्यतीस उभे राहत आलों आहों.

या सर्व काळांत आमची नाव होती ती ‘एंटरप्राइज’ जातीची. जॅक होल्ट या प्रसिद्ध रचनाकारानें १९५६ सालीं तिचा आराखडा केला. लांबी सव्वातेरा फूट, वजन सुमारें ९० किलो, शिडें निळीं आणि चालविणारीं माणसें दोन. १९८२ च्या एशियाई खेळांतल्या नौकाशर्यती मुंबईस झाल्या, त्यांत ही जात होती. म्हणून कांहीं वाचकांना ती नांवानें तरी ठाऊक असेल. अशा हलक्या नावेला डिंगी म्हणतात. हा शब्द इंग्रजांनीं आपल्याकडच्याच भाषांतून उचलून नेलेला आहे.

डिंगीची मुख्य खूण ही कीं, तिच्या तळाशीं कायमचें वजन नसतें. मधोमध एक उचलतां येणारी फळी असते. ती खालीं सोडली म्हणजे नाव वाऱ्याबरोबर आडवी वाहत नाहीं. वर ओढली म्हणजे उथळ पाण्यांतूनहि ती किनाऱ्याला लावतां येते. फळी नावेला वाहण्यापासून राखते, कलंडण्यापासून नव्हे. तें काम माणसांचें. वारा वाढला कीं दोघांनीं वाऱ्याकडच्या काठावर बसावें, पाय आंतल्या पट्ट्यांत अडकवावे आणि पाठ पाण्यावर झोकून द्यावी. क्षणाचा उशीर झाला किंवा वाऱ्याचा झोत एकाएकीं फिरला कीं नाव उलटते. तरुणांना याचें कांहीं वाटत नाहीं. उलटलेल्या नावेच्या फळीवर चढावें, अंगाच्या भारानें तिला सरळ करावें आणि पुन्हां शर्यतीस लागावें, यांत त्यांना गंमतच वाटते. आम्हांसहि वीस वर्षें तशीच वाटत होती.

तीन वर्षांपूर्वींच्या ऑक्टोबरांतली गोष्ट. आमचा पुतण्या चार वर्षें आमच्याकडे राहून शिकत होता, आणि पुढच्या शिडाचा दोर त्याच्या हातीं असे. त्याला स्कॉटलंडांत नोकरी लागली तेव्हां ती जागा पत्नीनें घेतली. त्या दिवशीं शर्यतीच्या दुसऱ्या फेरींत नाव उलटली. यापूर्वीं ती शेंकडों वेळां उलटली असेल. पण या खेपेस फळीवर चढतांना आमचा उजवा गुडघा दुमडेना. दोनदां प्रयत्न केला, दोनदां पाण्यांत घसरलों. क्लबची मदतनौका येईपर्यंत दहा मिनिटें गेलीं असतील. तेवढ्यांत पत्नीचे ओठ निळे पडले होते.

परततांना गाडींत ती एक शब्द बोलली नाहीं. घरीं चहा झाल्यावर म्हणाली, “शर्यती सोडा असें मी म्हणत नाहीं. तुम्ही रविवारीं घरीं बसलांत तर आम्हां सर्वांना काय सोसावें लागेल तें मला ठाऊक आहे. पण ही नाव आतां आपल्यासाठीं नाहीं.”

पुण्याहून थोरल्या बंधूंचा फोन आला. त्यांना आम्ही दादा म्हणतों. ते म्हणाले, “अरे, पन्नाशी कधींच उलटली तुझी. आतां आणखी नाव कशाला उलटवतोस? बुद्धिबळें खेळ कीं!” आम्हीं हसून विषय बदलला, पण त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आमच्या हट्टासाठीं दुसऱ्या माणसाचे ओठ निळे व्हावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

यावर क्लबांतल्या जाणत्या मंडळींचें उत्तर ठरलेलें होतें: “कीलची नाव घ्या.” कील म्हणजे नावेच्या तळाखालीं पक्का बसविलेला लोखंडाचा किंवा शिशाचा जड पंखा. लहान मुलांची एक बाहुली असते, तिच्या बुडांत वजन असतें. कितीहि आडवी पाडली तरी ती पुन्हां उभी राहते. कीलच्या नावेचें तत्त्व स्थूलमानानें तेंच. परंतु या तत्त्वांत एक खोंच आहे, आणि डिंगी सोडून येणाऱ्यानें ती प्रथम समजून घेतली पाहिजे. नाव सरळ उभी असतांना कीलचें वजन तिच्या बरोबर खालीं असतें. त्या वेळीं तें तिला कोणत्याच बाजूस ओढीत नाहीं. नाव कलंडूं लागली म्हणजे तें वाऱ्याच्या बाजूस सरकतें, आणि तेव्हां कोठें तें तिला मागें खेंचूं लागतें. जितकी नाव अधिक कलंडते तितका कीलचा जोर वाढतो. काठावर बसलेल्या माणसाचें याच्या उलट आहे. त्याचा उपयोग नाव सरळ असतांना सर्वांत जास्त. ती आडवी होत गेली कीं तो कमी होत जातो. म्हणून लहान कीलच्या नावेंत शर्यत जिंकावयाची असेल तर काठावर अंग झोकणें सुटत नाहीं. फरक एवढाच कीं, डिंगींत चूक झाली तर शिक्षा पाण्यांत पडण्याची. येथें बहुधा वेग गमावण्याची.

तत्त्व कळलें, पण नाव कोणती? येथें खरा घोळ सुरू झाला. नॉर्वेच्या योहान आंकर यांनीं १९२९ सालीं रचिलेली ‘ड्रॅगन’ दिसावयास इतकी देखणी कीं पाहतांच मन वेडें व्हावें. १९४८ पासून १९७२ पर्यंत ती ऑलिंपिकमध्यें होती. पण तिचें वजन १,७०० किलो, माणसें तीन आणि दोरांचा पसारा मोठा. त्याच देशाच्या यान लिंगे यांची ‘यिंगलिंग’ आटोपशीर व हातावेगळी होणारी. २००४ व २००८ च्या ऑलिंपिकांत स्त्रियांच्या शर्यती तिच्यावरच झाल्या. पण आमच्या जलाशयावर त्या जातीची एकहि नाव नव्हती. एकट्यानें शर्यत होत नाहीं. शर्यतींत एकाच जातीच्या, एकाच मापाच्या नावा असल्या म्हणजेच जिंकण्या-हरण्याला अर्थ येतो. दूरच्या उत्तम नावेपेक्षां शेजारच्या दहा जणांकडे असलेली मध्यम नाव बरी, हा पहिला धडा आम्हांस येथें मिळाला.

एका स्नेह्याकडे ‘जे चोवीस’ होती, आणि ती तो विकणार होता. या नावेची जन्मकथा मनोरंजक आहे. अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतांतील स्टोनिंगटन गांवीं रॉड जॉन्स्टन या गृहस्थानें आपल्या गॅरेजांत पहिली नाव स्वतःच्या हातांनीं बांधली. १९७७ पासून तशा नावा कारखान्यांत होऊं लागल्या, आणि पुढें त्यांची संख्या ५,००० च्या वर गेली. लांबी २४ फूट, वजन सुमारें १,४०० किलो; आंत लहानशी खोलीहि आहे. समुद्रावर ती फार भरंवशाची. आम्ही तिच्यावर तीन रविवार गेलों. पहिल्या रविवारीं तर मनानें ती घेऊनहि टाकली. कलली ती थोडीच, आणि पाण्यावर अशी चालली कीं जणूं रुळांवरच धांवते आहे.

दुसऱ्या रविवारीं अडचण कळली. या नावेला शर्यतींत सामान्यतः पांच माणसें लागतात. पुढचें मोठें शीड ओढावयास दोर रहाटावर गुंडाळावे लागतात, आणि स्पिनेकर नांवाचें फुगीर शीड वाऱ्याच्या ओघांत उभारतांना पुढें एक, डोलकाठीशीं एक, दोरांवर दोन आणि सुकाणावर एक अशी वांटणी असते. शनिवारीं रात्रीं आमचा स्नेही फोन घेऊन बसे. एकाच्या मुलाचा वाढदिवस, दुसऱ्याची पाठ दुखते, तिसरा उत्तरच देत नाहीं. तिसऱ्या रविवारीं आम्ही तिघेच जमलों, आणि उत्तम वारा असतांना ती उत्तम नाव धक्क्यालाच बांधून राहिली. घरीं येतांना पत्नी म्हणाली, “ही नाव चालवावयाला सोपी आहे, पण जमवावयाला अवघड.” त्या एका वाक्यानें आमचा निम्मा घोळ मिटला. नाव हातांत सोपी असून भागत नाहीं. तिला लागणारे हात मिळणेंहि सोपें असावें लागतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हें निराळें सांगावयास नको. मोठें पातेलें दहा माणसांच्या घरांत सोयीचें. दोघांच्या घरांत तें घासण्याचीच कटकट.

२०१२ सालीं आलेली ‘जे सत्तर’ हीहि पाहिली. वजन ८०० किलोंच्या आंत, कील वर उचलतां येते, फुगीर शिडाची काठी बदलण्याची दगदग नाहीं. उत्कृष्ट यंत्र आहे. पण तिलाहि चौघे लागतात, आणि तिची किंमत ऐकून आम्हीं चहाचा पेला खालीं ठेवला.

शेवटीं जी नाव घेतली ती, ड्रॅगन सोडली तर, या सर्वांहून जुनी. तिचें नांव ‘फ्लाइंग फिफ्टीन’. वाइट बेटावरील काउझ हें इंग्रजी नौकाशर्यतींचें माहेरघर. तेथें राहणाऱ्या उफा फॉक्स यांनीं १९४७ सालीं तिची रचना केली. हा मोठा विलक्षण पुरुष. हलकी डिंगी पाण्याला नुसती कापीत न जातां वेग वाढतांच पाण्यावर उचलली जाऊन घसरत धांवूं शकते, हें त्यांनीं १९२८ सालीं ‘अ‍ॅव्हेंजर’ नांवाच्या आपल्या नावेनें सर्वांना दाखवून दिलें. त्या हंगामांत ५७ शर्यतींपैकीं ५२ त्यांनीं जिंकल्या. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत पडलेल्या वैमानिकांसाठीं विमानांतून छत्रीनें खालीं सोडतां येईल अशी जीवनौका त्यांनीं रचिली. फ्लाइंग फिफ्टीन ही डिंगीचा स्वभाव आणि कीलचा आधार यांची सांगड घालणारी त्यांची कृति. तिची लांबी २० फूट असली तरी पाण्याला टेकलेला भाग १५ फुटांचा, त्यावरून हें नांव. १९४९ सालीं काउझच्या नागरिकांनीं राजकन्या एलिझाबेथ व प्रिन्स फिलिप यांना भेट दिलेली ‘काउस्लिप’ याच जातीची होती.

तिचें एकंदर वजन सुमारें ३०० किलो, आणि त्यांतलें निम्म्याहून अधिक तळच्या कीलमध्यें. शिडें दोघांच्या ताकदीला झेपतील इतकीं. मोठें व पुढचें मिळून १५० चौरस फूट. पुढचें शीड लहान असल्यामुळें दोर हातानेंच ओढतां येतो. दोरीला लटकून अंग बाहेर काढण्याचा प्रकार नाहीं. आणि मुख्य म्हणजे माणसें लागतात दोनच: एक सुकाणावर, एक पुढें. आमच्या जलाशयावर अशा अकरा नावा होत्या, आणि त्यांवर आमच्या वयाचीं माणसें बरींच होतीं.

एप्रिलांत एका सभासदानें आम्हां उभयतांस आपली नाव तासभर दिली. त्या दिवशीं वारा चांगला जोरांत होता. पहिला झोत आला तेव्हां सत्तावीस वर्षांच्या संवयीनें आम्हीं मोठ्या शिडाचा दोर सोडला आणि मनांत थंड पाण्याची तयारी केली. नाव कलली, क्षणभर थबकली, आणि मग कोणी वडिलधाऱ्यानें पाठीवर हात ठेवून सरळ बसवावें तशी हळूच वर आली. पत्नीनें मागें वळून पाहिलें. ऑक्टोबरनंतर तिच्या चेहऱ्यावरची भीति त्या दिवशीं प्रथम गेली.

मग जुनी नाव शोधली. जुनी नाव घेणाऱ्यांसाठीं दोन शब्द सांगतों. कील नावेला बोल्टांनीं बसविलेली असते. ती जागा खडकावर आपटली आहे काय, सांध्याशीं भेग अथवा गंजाचे ओघळ आहेत काय, हें वांकून पाहावें. डोलकाठीला धरणाऱ्या तारांचे धागे तुटलेले नसावे. नावेच्या अंगांत ज्या हवाबंद पोकळ्या असतात त्यांत पाणी शिरतां कामा नये. नावेंत पाणी भरलें तर ती तरंगते ती त्यांच्याच आधारानें, आणि तळाशीं लोखंड असलेल्या नावेला त्यांची गरज अधिकच असते. रंगावर मात्र जाऊं नये. आमच्या नावेचा रंग अजूनहि वाईटच आहे.

नवी नाव आली म्हणून सर्व सुखच झालें असें नाहीं. पहिल्याच महिन्यांत पुतण्या सुटींत आला होता. धक्क्याशीं येतांना आम्हीं डिंगीच्या हिशेबानें अगदीं जवळ येऊन शिडें सैल केलीं. डिंगी तेवढ्यांत थांबते, ही थांबेना. तळांतलें लोखंड आपल्या गतीनें पुढें चाललेंच होतें. पुतण्यानें जुन्या संवयीनें धक्का अडविण्यासाठीं हात पुढें केला. “हात आंत घे!” असें आम्ही इतक्या मोठ्यानें ओरडलों कीं किनाऱ्यावरचीं माणसें वळून पाहूं लागलीं. हात वांचला, नावेच्या नाकाला मात्र टवका गेला. तो म्हणाला, “काका, मला वाटलें ही सोपी नाव आहे!” सोपी आहेच; पण जड वस्तूचा सोपेपणा निराळा असतो. ती लवकर घाबरत नाहीं, आणि लवकर ऐकतहि नाहीं. थांबावयाचें असेल तर तें अगोदर ठरवावें लागतें, आणि तिच्या व धक्क्याच्या मध्यें हात कधींहि घालावयाचा नसतो.

गमावलेंहि थोडें आहे. कील पाण्यांत अडीच फूट खोल असते, म्हणून वाटेल त्या काठाला नाव लावून पायीं उतरण्याचें सुख गेलें. दोघांनीं उचलून गवतावर ठेवावी अशी ती नव्हे. गाड्यावरून उतारावर सोडावी लागते. आणि कील आहे म्हणून निर्धास्त राहण्याचें कारण नाहीं. तरंगतें जाकीट आम्ही आजहि घालतों, आणि मदतनौका पाण्यावर नसेल तर निघत नाहीं. कील सावरते, ती शहाणपण देत नाहीं.

गेल्या जूनमध्यें दादा आणि वहिनी येथें आलीं. संध्याकाळच्या मंद वाऱ्यांत दादांना नावेंत बसविलें. शर्यतींत ती दोघांची असली तरी अशा वेळीं तिसरा माणूस सहज मावतो. थोड्या वेळानें सुकाणूं त्यांच्या हातीं दिलें. ते कांहीं वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, खडकवासल्याला आपण दोघे काठावर बसत होतों. मला तेव्हांहि यांत बसावयाचें होतें.” आम्हांस हें ठाऊक नव्हतें. सायकल ते चालवीत, म्हणून आवड फक्त आमची, असें आम्ही पन्नास वर्षें धरून चाललों होतों.

कोणी आम्हांस विचारतात, “डिंगीनंतर कोणती नाव घ्यावी?” आम्ही जात सांगत नाहीं. इतकेंच विचारतों कीं, शनिवारीं रात्रीं कोणालाहि फोन न करतां तुमच्याबरोबर येणारीं माणसें किती? तेवढ्यांना पेलेल ती नाव घ्यावी. आमच्या घरीं तो आंकडा दोन निघाला. गेल्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतींत अकरा नावांत आमचा सातवा नंबर आला, आणि अंगावरचे कपडे कोरडे होते.